शपथेचा हंगाम

यंदाही कपाशी हातची गेली होती, त्यामुळे परतवाड्यात ‘धर्म-डरकाळी सेने’च्या सभेला गर्दी चांगली होती. माइक मंडप-साऊंडवाल्या ताहेरभाईचा होता, कारण शिट्टी न मारणारा माइक गावात तेवढा एकच. ॲम्प्लिफायरपाशी बसून ताहेरभाई आपल्याच समाजाचा उद्धार खणखणीत आवाजात ऐकत होता. भाषणाच्या ऐन भरात तालुकाप्रमुख खुशालराव गरजले, “हात वर करा आन् शपथ घ्या! मुसलमानाच्या दुकानातून काईच घेनार नाई!”

पाचशे हात वर गेले. त्यातल्या निम्म्यांच्या घरची लग्नं ताहेरभाईच्या बुकिंगच्या वहीत होती. त्यानं उठून माइक बंद केला आणि तो वायर गुंडाळू लागला.

“ओ ताहेरभाई, बंद काहून केला? माह्यं भाषण बाकी हाय ना!”

“भाऊ, इतक्या लोकायनं शपथ घेतली. ते मोडाले लावून मी कायले पाप घेऊ?”

खुशालरावांनी कपाळावर हात मारला आणि ते त्याच्या कानाशी लागले.

“अहो भाई, आमी वांगं सोडतो ना, तसंच हे. फक्त चातुर्मासात. तवा तसेबी लग्नं नसतात!”