बंकटचं नवं रूप

दिवाळी सरली होती आणि शिरूर कासारजवळच्या त्या वस्तीवर ऊसतोडीला निघालेली टोळी सकाळपासून बिऱ्हाड बांधून बसली होती. पत्र्याच्या पेट्या, जर्मनची पातेली, डालग्यात कोंबड्या आणि खुंट्याला शेळ्या. सगळे वाट पाहत होते ती बंकटची.

बंकट म्हणजे टोळीचा ट्रॅक्टर. पण नुसता ट्रॅक्टर नव्हे. तो यंत्रकुळीतला, आभाळातून आलेला. या कुळीतले लढवय्ये वाहनांची रूपं घेऊन पृथ्वीवर राहतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बीडच्या दुकानांत त्यांची प्लॅस्टिकची खेळणी मिळतात, तलवारीसकट. बंकटचं खेळणं मात्र कुणी काढलं नाही. ट्रॉली ओढणाऱ्याचं काढणार तरी कोण? त्याला स्वतःला त्याचं काही नव्हतं. टोळीला कारखान्यावर न्यायचं, हंगामभर ऊस वाहायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्यांना घरी आणून सोडायचं, एवढ्यात गडी खूश होता.

तर असा हा बंकट आला, आणि बसलेली टोळी उठून उभी राहिली.

तो हार्वेस्टर होऊन आला होता. पुढे दातेरी जबडा, पोटात फिरती पाती, रंग असा कोरा करकरीत की नजर ठरू नये. गेवराईकडे हायवेला थांबून त्यानं एक ऊसतोडणीचं यंत्र पाहिलं आणि त्याचं रूप उचललं. यंत्रकुळीत वाहनाचं रूप एकदाच बदलता येतं. बदललं की मरेपर्यंत तेच. एवढी मोठी गोष्ट, पण पठ्ठ्यानं कुणाला म्हणून विचारलं नाही.

कारण होती सरूबाई. गेल्या हंगामात पाचटानं तिचे तळवे चिरले होते. चिंधी गुंडाळून ती मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. नवरा गेलेली बाई, जोडीला कुणी नाही. ते बघून बंकटच्या इंजिनात कालवाकालव व्हायची.

"सरूबाई, आता कुणी उसाला हात लावायचा न्हाई," तो ऐटीत म्हणाला, आणि उलगडून माणसासारखा उभा राहिला, पिंपळाएवढा. "सगळा ऊस मी तोडतो. तुमी समद्यांनी नुसतं बसायचं."

कुणी हसलं नाही. तो जरा ओशाळला, परत मिटला आणि दरवर्षीच्या सवयीनं ट्रॉली जोडून घ्यायला मागे सरकला. पण मागे हूकच नव्हता. ट्रॉलीच्या दांडीला तो नुसताच जाऊन टेकला, आणि आपण काय करून बसलो ते तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं.

मुकादम अंगद मोटारसायकलवरून आला, त्यानं सगळा प्रकार पाहिला आणि कारखान्याला फोन लावला. ट्रॅक्टर नसलेली टोळी कारखाना घेत नाही, आणि पंचक्रोशीतले बाकीचे ट्रॅक्टर आपापल्या टोळ्या घेऊन कधीच निघून गेले होते. यंत्र मात्र कारखान्याला हवं होतं, आजच्या आज. बंकट म्हणाला, मी जातच नाही, इथंच गंजत पडतो. तू गंजलास म्हणून यांच्या चुली पेटणार आहेत का, असं अंगदनं त्याला विचारलं.

"यंत्रामागं सांडल्याला ऊस येचायला एक कोयता लागंल, असं म्हणत्यात," अंगद म्हणाला. कोयता म्हणजे तिकडे नवरा-बायकोची जोडी. "कोणता घ्यायचा ते तूच सांग बाबा. मी वाईटपणा घेणार न्हाई."

बंकटला आपलं जुनं, रंग उडालेलं अंग आठवलं. तेव्हा त्याला कुणी काही विचारत नसे. ज्याला बसायचं तो बसायचा, पोरं मडगार्डवर चढायची. सरूबाई तर त्याच्या बॉनेटवर ओलं लुगडं वाळत घालायची, आणि जरा हलला की 'बंकट्या, मेल्या' म्हणून शिव्या द्यायची. त्या शिव्यांसाठी आज त्याचा जीव तुटला. आपली चूक आता निस्तरता यायची नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

एकेक जोडी उठली आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या मागून सरूबाई आली. तिनं चपला बाजूला काढल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि हात जोडले.

"मालक," ती म्हणाली, "मी एकटी हाय, पर जोडीइतकं उचलीन. मला घ्या."