हसू चढवणारा चष्मा

चष्मेवाल्या टिपणिसांनी सव्वा वर्षाच्या जुईचा चष्मा उघडला. नंबर ठीक होता. पण समोरचा चेहरा हसत नसला, की काचेत त्यावर हसू चढवणारी चकती पार झिजली होती.

“ही पाच वर्षं टिकते. तुमची आठ महिन्यांत गेली?”

जुईच्या आईनं, शलाकानं, नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. “यांचं तोंड सदा एरंडेल प्यायल्यासारखं. दुसरं काय होणार?”

टिपणिसांनी चकतीतली नोंद वाचली. “आजींच्या चेहऱ्यावर एकदाही हसू चढवावं लागलं नाही. सगळं तुमच्यावरच खर्च झालंय.”

शलाकानं हात पुढे केले. जुईनं चष्म्याविना तिच्याकडे पाहिलं आणि किंचाळून आजीच्या पदरात तोंड लपवलं.

“नवी चकती चार दिवसांनी येईल,” टिपणीस म्हणाले. “तोवर आजींकडेच राहू द्या.”