पाचच्या पटीत

फाइल एकदाची उतरली तेव्हा फिलोमीनआजीचा दुसरा चहाही निवला होता. वस्तीच्या कार्यालयातलं इंटरनेट वारा पडला की चालायचं, आणि आज वारा होता.

"सापडलो का आपण?" सुक्या सॅमन माशाचा तुकडा चघळत आजीनं विचारलं.

तिची नात कोरिन ओळी खाली सरकवत राहिली. कॅनडाभरातल्या भाषा, आणि प्रत्येकीपुढे ती बोलणाऱ्यांची संख्या. जनगणनेचा हा तक्ता संध्याकाळी पाचच्या आत अर्जाला जोडला, तर जिवंत भाषांच्या अनुदानावर आजीचा बालवाडीतला भाषेचा वर्ग पुढे चालणार होता. नाहीतर आजचा शेवटचा. त्यांच्या आदिवासी जमातीची भाषा येणारी माणसं दोनच उरली होती, आजी आणि नदीपलीकडचा तिचा भाऊ सिप्रियन. दोघांनीही जनगणनेचा कागद वेळेवर भरला होता. सिप्रियननं तर खबरदारी म्हणून सही दोनदा केली होती.

ओळ सापडली.

"शून्य," कोरिन म्हणाली.

"चष्मा लावून बघ."

"लावलाय, आजी. मागच्या खेपेला पाच होते."

"पाच?" आजीनं कप खाली ठेवला. "मागच्या खेपेला लिओनी जिवंत होती, म्हणजे आम्ही तिघं. वरचे दोघं कोण? आले होते तर जेवून तरी जायचं."

कोरिननं तळटीप वाचून दाखवली. लहान आकडे पाचच्या पटीत बसवले आहेत. कधी वर, कधी खाली. कुणा व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून.

"म्हणजे मला कुणी ओळखू नये म्हणून मी नाहीच."

"तसंच."

"अगं, या वस्तीतली कुत्रीसुद्धा मला ओळखतात."

अर्जात शून्य भरताच पान आपोआप बदललं. वर मथळा आला, 'लुप्त भाषा'. तिथेही पैसे होते, नाही असं नाही. पण ते संग्रहालयातल्या काचेच्या कपाटासाठी.

कोरिननं मदतीच्या क्रमांकावर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडचा तरुण फार सौजन्याचा निघाला. त्यानं आधी, आपण ज्या भूमीवर बसून बोलतो आहोत तिच्या मूळ रहिवाशांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. मग म्हणाला, "मॅडम, तक्त्यात शून्य असेल तर मला काही करता येणार नाही."

"अहो, ती भाषा बोलणारी बाई माझ्या शेजारी बसलीये."

आजी फोनवर वाकली आणि आपल्या भाषेत बरंच काही बोलली, सावकाश. त्यातले 'नदी' आणि 'मूर्ख' एवढे दोनच शब्द कोरिनला कळले.

"किती सुंदर," तरुण मनापासून म्हणाला. "पण हे अर्जाला जोडता येत नाही ना. आम्हाला सरकारनं मोजलेलाच आकडा लागतो."

आजी कोटाची बटणं लावायला लागली. मग मध्येच थांबली.

"त्याला विचार, जुना चालेल का?"

"जुना कुठला, आजी?"

"निवासी शाळेतला. सरकारनंच दिलेला." आजीनं उरलेलं बटण लावलं. "आम्हा पोरांना घराघरातून उचलून त्या शाळेत नेलं, तेव्हा एक पोर इकडचं तिकडे झालं नाही हो मोजताना. तिथे नावानं हाक नव्हती, नंबर होते. आणि ही भाषा तोंडातून निघाली की साबणानं तोंड धुवायचे."

कोरिननं फोन आजीकडे सरकवला.

आजी उठली, ताठ उभी राहिली, आणि त्या तरुणाला समजेल अशा इंग्रजीत, वर्गात हजेरी द्यावी तसं म्हणाली,

"एक्केचाळीस. हजर."