आधी सही कुणाची?

"आधी सरांची सही आण, मग माझी," इतिहासाच्या करमरकर मॅडम म्हणाल्या.

"आधी मॅडमची, मग माझी," समोरच्या केबिनमधले राज्यशास्त्राचे गव्हाणे सर म्हणाले.

मी दोन्ही विषय घेतलेले, त्यामुळे प्रकल्पावर दोघांच्याही सह्या हव्यात आणि मुदत आज पाचपर्यंतच!

शेवटी दोघांना कॅन्टीनमध्ये चहाला बोलावलं आणि प्रकल्पाची एकेक प्रत पुढ्यात ठेवली. "दोघंही एकदमच सही करा, मग प्रती बदला. म्हणजे आधी कुणीच नाही."

मॅडमना हसू फुटलं. सह्या झाल्या.

"हा तह तू कुणाच्या विषयात शिकलीस गं?" सरांनी विचारलं. मॅडमनीही कान टवकारले.

प्रती अजून त्यांच्याच हातात होत्या.

"आधी प्रती द्या," मी म्हणाले, "मग सांगते."