कॉलरवरची नीळ

"मेंदी लावायचीच नाही. नुसती नीळ लावायची. समजलं?"

मेंदी कालवणारा लेपवालीचा हात वाटीतच थांबला. तिने आरशातून खुर्चीतल्या बाईकडे पाहिलं.

"तुमच्या केसांना, ताई?"

"माझ्या कशाला? माझे चांगले काळेभोर कर. मी दुसरीबद्दल सांगतेय."

बाई या दुकानात पहिल्यांदाच आली होती. दुकान कसलं, एक खोली आणि आत आडोशाला एक ओटा. एक खुर्ची, एक आरसा, डोकं धुवायला एक बेसिन आणि फळीवर बरण्या: रिठे, शिकेकाई, मुलतानी माती, माका. लेपवाली चाळिशी उलटलेली, बोलायला कंजूष. तिची बोटं नखांपर्यंत निळी होती. अंगावरचा एप्रन मात्र असा बेतून शिवलेला, की एरवी बाईने आधी शिवणाऱ्याची चौकशी केली असती. आज तिला तेवढी फुरसत नव्हती. आज तिला उट्टं काढायचं होतं.

"रविवारी एकीचं लग्न आहे. त्याआधी ती तुझ्याकडे येणार. नवरा शिंपी आहे, डावखुरा. माझाच नवरा. म्हणजे होता."

लेपवाली पुन्हा मेंदी कालवू लागली. बाईला तेवढंच पुरलं. एकदा तोंड उघडल्यावर सगळं भडाभडा बाहेर आलं. मशीनवर तो बसायचा, काजं-बटणं ती करायची. आणि मग कोर्टाचा कागद हातात देऊन गडी मोकळा झाला. तो गेला आणि वर्षभरात बाईचं डोकं कापसासारखं पांढरं झालं.

"पण ती माझ्याकडे येईल, हे कशावरून?" लेपवालीने विचारलं.

बाई हसली. हे शोधून काढल्याचा तिला भारी अभिमान होता.

"त्याचे शर्ट मीच धुवायचे ना! कॉलरच्या मागे निळसर डाग असायचे, एकाला लागून एक. मी कपड्यांना नीळ कधी घालत नाही. वास घेऊन पाहिला. ही झाडाची नीळ, केसांना लावायची. आई घरी हेच करायची, मला कळणार नाही होय? म्हणजे त्या सटवीचे केस पांढरे आहेत आणि ती निळीचा लेप लावते. आणि इथे तो लेप तुझ्याशिवाय लावतं कोण?"

"हुशार आहात," लेपवाली म्हणाली.

"पांढऱ्या केसांवर आधी मेंदी, मगच नीळ. मेंदी गाळली की केस काळे होत नाहीत, शेवाळासारखे हिरवे होतात. आमच्या मावशीचं असंच झालं होतं. किती महिने डोक्यावरचा रुमाल सुटला नाही तिचा." बाईचे डोळे चमकले. "दिराने मला लग्नाला मुद्दाम बोलावलंय. मी काळेभोर केस मोकळे सोडून पहिल्या रांगेत बसणार, नाकावर टिच्चून. आणि ती हिरवी होऊन उभी राहणार. माझी जी शोभा झाली ना, तशी तिची सगळ्यांसमोर व्हायला हवी. तरच मला झोप लागेल."

तिने हातातली सोन्याची बांगडी काढून पुढे केली. लेपवालीने ती हलकेच परत सारली.

"राहू द्या. हे काम मी फुकट करते."

बाईला भरून आलं. बाईचं दुःख बाईलाच कळतं, असं तिला वाटलं.

"ही मेंदी नीट भिजली नाही," लेपवाली म्हणाली. ती वाटी आणि फळीवरची एक बरणी घेऊन ती आत गेली आणि हिरव्या लेपाची दुसरी वाटी घेऊन आली. बाईने डोळे मिटून घेतले. निळी बोटं भांगाभांगातून फिरू लागली.

"मेंदीचा वास येत नाहीये गं."

"नव्या पोत्यातली आहे. वास कमी, रंग पक्का." जरा वेळाने लेपवालीने विचारलं, "तुम्ही तिला पाहिलंय कधी?"

"तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही. नावही ऐकून घेतलं नाही मी. हडळ मेली!"

"डोकं मागे घ्या."

तो लेप धुतला, मग नीळ लावली, मग तीही धुतली. मधल्या वेळात बाईने पुढचं सगळं शिकवून ठेवलं. "तिला आरशात बघू देऊ नकोस. फडकं बांध आणि सांग, घरी जाऊनच सोडा, रंग मुरायला हवा."

"लक्षात ठेवते."

लेपवालीने ओल्या केसांभोवती पांढरं फडकं घट्ट गुंडाळलं. मग दाराशी जाऊन पाटी अडकवली: उद्यापासून दुकान बंद.

"अगं, बंद कसं? तिचे केस कोण करणार?"

"तिची धाकटी बहीण. घरी. मेंदी लावून."

"तुला काय माहीत?"

बाईची नजर आत गेली. आतल्या ओट्यावर मेंदीची वाटी भरलेलीच होती. शेजारी मेंदीसारख्याच हिरव्या, पण रंग न चढणाऱ्या माक्याची बरणी उघडी पडली होती. बाईच्या कानशिलावरून एक थेंब ओघळला. तिने तो बोटाने टिपला. हिरवा होता.

फडक्याचं सुटलेलं टोक लेपवालीने बाईच्या खांद्यावर दाबून बसवलं आणि हात काढून घेतला. पांढऱ्या कापडावर निळसर डाग राहिले, एकाला लागून एक.

"घरी जाऊनच सोडा हं, ताई," ती म्हणाली. "रंग मुरायला हवा."