माळ्यावरचा रेडिएटर

"आपल्यासाठी खोली राखून ठेवली आहे, कधी येता ते कळवा." इथल्या जर्मन वृद्धाश्रमाचं हे पत्र येऊन महिना झाला, तरी मी उत्तर दिलं नव्हतं. अर्ज माझ्या मुलाने, सिद्धेशने, परस्पर केला होता आणि मला कुणालाही 'नाही' म्हणणं कधी जमलेलं नाही.

"बाबा, तुमची पुस्तकं माळ्यावर आणि तिथे खोली तापवायला हायत्सुंगच नाही. दोन-दोन स्वेटर घालून किती दिवस वाचत बसणार?" तो हॅम्बर्गहून फोनवर म्हणायचा. मुद्दा खरा होता.

शेवटी मी प्लंबरला बोलावलं. त्याने खालच्या खोलीतल्या गरम पाण्याच्या पाइपांना फाटा काढून माळ्यावर नवा रेडिएटर बसवला. मी भीतभीत विचारलं, "जुन्या बॉयलरला झेपेल ना? आणि हा टिकेल किती?"

"बॉयलरला सहज झेपेल. आणि हा? अहो, मराठेसाहेब, हा आपल्या दोघांनाही पुरून उरेल!"

त्याच उबेत बसून मी उत्तर लिहिलं आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं.

"खोली खुशाल राखून ठेवा. माझा रेडिएटर बंद पडला, की लगेच येतो."