आग्नेसची ओळ

“बस्त्याव, आज पाळी तुझ्या घराची. नाही कसं म्हणतोस?” कतरिनाकाकीने आळीच्या क्रुसासमोर मेणबत्ती लावली आणि जपमाळ माझ्या हातात कोंबली.

मे महिन्यात आमच्या आळीत रोज संध्याकाळी क्रुसापाशी मरियामातेच्या माळेची प्रार्थना होते. एकाने सुरुवात करायची, बाकीच्यांनी पुढची ओळ म्हणायची. घरीही आमचं तसंच चालायचं. मी ‘नमो मारिया’ सुरू करायचो आणि भाकरी थापता थापता माझी बायको आग्नेस पुढचं म्हणायची. ती वारल्यापासून मी रोज अर्ध्यावरच अडायचो. पुढची ओळ तिची. ती मी कशी म्हणू? शेवटी वैतागून देवाला सांगितलं, ठेव तुझी प्रार्थना तुझ्यापाशीच. मग झोपही उडाली.

पण काकीपुढे कोणाचं चाललंय? चिडूनच मी सुरुवात केली आणि नेहमीच्या जागी अडलो. सवयीने वाट पाहिली.

आणि उत्तर आलं. बाया, पोरं, खोकणारा पेद्रू, सगळी आळी आग्नेसची ओळ म्हणत होती. काकीचा सूर तर थेट तिच्यासारखा, जरा चढाच. वर्षभरात पहिल्यांदा माझे खांदे सैल पडले. मी पुढचा मणी धरला.

प्रार्थना संपल्यावर काकीने माळेसाठी हात पुढे केला.

“राहू दे माझ्यापाशी. उद्याही मी येतो.”

“उद्या आमची पाळी आहे!” ती फणकारली.

“मग तू सुरुवात कर,” मी म्हणालो. “आग्नेसची ओळ मी म्हणेन.”